हाकेचं नाव

१

शशिकांतची कंपनीची बस पहाटेच यायची. आखातातल्या आमच्या अल अझीझियाहून रास लफानचा प्लांट म्हणजे आधीच लांबचा पल्ला, त्यात फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीनं रस्त्यांचा पार चोथा केलेला. काल ज्या वळणानं गेलो ते आज बंद, आज जिथं खड्डा तिथं उद्या पुलाचा खांब. शशिकांत म्हणायचा, "विभा, इथं मॅपलासुद्धा चक्कर येते." तो शिफ्टला गेला की घरात मी, साडेतीन वर्षांची ईरा आणि एसीची घरघर.

घर म्हणजे एका मोठ्या व्हिलाचा मागचा अर्धा भाग. मालकानं मध्ये जिप्समची भिंत घालून एकाची दोन घरं केली होती. मागं आम्ही, पुढं केसलर नावाचं जर्मन जोडपं. भिंत इतकी पातळ, की त्यांच्याकडे चमचा पडला तर मी माझ्या ओट्याखाली वाकून शोधायची. केसलरसाहेब गवताचे एक्स्पर्ट होते. खरंच सांगते, थट्टा नाही! जवळच्या स्टेडियमचं काम चाललं होतं आणि तिथली हिरवळ या उन्हात जगवायची हे त्यांचं काम. दिवसभर ते गवताच्या उशाशी आणि बाई घरात एकट्या.

मी मूळची नाशिकची. लग्नाआधी कॉलेजात जर्मन शिकवत होते. इथं आल्यावर ती भाषा बोलायची कुणाशी? भाजीवाल्याशी हिंदी, डॉक्टरांशी इंग्लिश, नवऱ्याशी मराठी. आणि ईराशी सगळ्या भाषा बोलून पाहिल्या.

ईरा हाकेला ओ देत नव्हती. कान उत्तम, तपासून झाले होते. एसीच्या घरघरीतही तिला बाहेरचं मांजर ऐकू यायचं. पण "ईरा!" म्हटलं की मान वळायची नाही. बोलत तर नव्हतीच. लबानच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, बाटल्यांची झाकणं भिंतीच्या कडेनं एका ओळीत मांडायची, हिरवं, पांढरं, हिरवं, पांढरं, आणि स्वतःशी गुणगुणायची. डाव्या पायात चांदीचा वाळा, उजव्यातला ॲस्पायर पार्कात कुठंतरी पडला होता. झोपताना माझ्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. डॉक्टर म्हणत होते, होईल हळूहळू, धीर धरा. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "अगं, तिच्या बारशात आत्यानं कुर्रर्र करून नाव सांगितलं, तेव्हा पोर गाढ झोपली होती. ऐकलंच नसेल तिनं!" मी हसायची. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकायचं नाही. मला फार काही नको होतं हो. एकदा हाक मारावी आणि तिनं "ओ" म्हणावं, बस.

केसलरबाईंची ओळख अंगणात झाली. कपडे वाळत घालताना मी जर्मनमध्ये "नमस्कार" म्हटलं आणि बाईंच्या हातून चिमटे गळाले. मग रोज कॉफी. पहिल्याच दिवशी निघताना सवयीनं तोंडातून "येते हं" गेलं. बाईंनी विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे मी येते.

"पण तू तर जातेयस!"

"आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. अशुभ वाटतं. जाणारा 'येते' म्हणतो आणि घरचा माणूस म्हणतो 'या'."

"या?" बाईंना इतका आनंद झाला! त्यांच्या भाषेत 'या' म्हणजे 'हो'. तेव्हापासून मी दारात "येते" म्हणायची आणि त्या हात हलवत "या, या!" म्हणायच्या. त्या 'हो' म्हणत होत्या की 'परत ये' म्हणत होत्या कोण जाणे. दोन्ही छानच होतं.

२

बाईंना एक नाद होता, आपल्या घराण्याची मुळं शोधण्याचा. आणि नाद म्हणजे काय, तपश्चर्या! युरोपातल्या चर्चमधल्या जुन्या नोंदवह्यांच्या पानांचे फोटो त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर होते. बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. पण दृष्टी अधू होत चालली होती. स्क्रीनवर त्यांना रेषांचा नुसता चिखल दिसायचा. "तू वाच," त्या म्हणाल्या, "मी शिकवते."

मला वाटलं, जर्मन तर येतं, त्यात काय शिकायचं? पहिलं पान उघडलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. एक अक्षर लागेना. ती जुनी लिपी, कुरेंट म्हणतात तिला, म्हणजे टोकदार वळशांची नुसती रांग. 'ई' दिसतो 'एन'सारखा. 'यू' ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. मी म्हटलं, "बाई, कुरेंट कसलं, हे तर कुर्रर्र आहे!" मग त्यांना बारसं समजावून सांगावं लागलं. बाळाच्या कानात नाव सांगतात हे ऐकून त्यांनी मान डोलावली. "किती बरोबर आहे," म्हणाल्या.

अशी शिक्षिका मी पाहिली नाही, आणि मी स्वतः शिक्षिका होते. घाई नाही, चिडचिड नाही. सुरुवात स्वतःपासून करायची आणि एकेक पायरी मागं जायचं, मधली गाळायची नाही. घरातल्या ऐकीव गोष्टी ऐकायच्या, पण मानायच्या नाहीत. प्रत्येक घराण्यात एक सरदार असतो म्हणायच्या, आणि तो कुठल्याच वहीत सापडत नाही. नाव एकच म्हणून माणूस एकच असं धरायचं नाही. महिन्याच्या जागी सात आकडा आणि पुढं 'बेर' लिहिलं असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. मी जुलै समजून एका बाईचं बाळंतपण लग्नाच्या आधी लावून टाकलं होतं! बाई पोट धरून हसल्या. "माझी पणजी तुला भेटली असती तर झाडूनं मारलं असतं तिनं."

मला सगळ्यात आवडायचं ते त्यांचं मेलेल्या माणसांशी वागणं. शेतमजूर, विणकर, कुणाची मोलकरीण, प्रत्येकाबद्दल घरातल्या पाहुण्यासारखं बोलायच्या. कुणी लहान मूल गेलेलं असलं की बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढं शाईचा बारीक क्रूस असायचा. तो दिसला की बाई आपोआप आवाज खाली आणायच्या.

आणि एक सवय होती त्यांची. तिकडे एकेका मुलाला तीन-तीन, चार-चार नावं. त्यातल्या ज्या नावानं घरी हाक मारायचे, त्याच्याखाली रेघ असते. मी म्हटलं, "आमच्यात पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं असतं, तसंच झालं हे." बाई म्हणाल्या, "हाकेचं नाव. अगदी तेच." पण ते रेघेचं नाव त्या कधी उच्चारायच्या नाहीत. त्यावर बोट ठेवायच्या आणि "ही मुलगी", "हा धाकटा" असं म्हणायच्या.

"का हो?" मी एकदा विचारलंच.

बाई हसल्या. "ते त्यांच्या आयांनी म्हणायचं."

३

ईरा माझ्याबरोबर यायचीच. बाईंच्या आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून झाकणं मांडायची. ती खोली म्हणजे पूर्वीची मेडरूम. बाईंनी तिथं बॅगा रचल्या होत्या. खिडकीवर जाड काळा पडदा, ऊन येऊ नये म्हणून.

त्या दुपारी आम्हाला बाईंच्या खापरपणजीची नोंद सापडली. माग्दालेना. मी आनंदानं टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "थांब. आधीची पानं बघ."

आधीच्या पानांत, त्याच आईबापांची, आणखी एक माग्दालेना निघाली. पुढं क्रूस.

"दोघी बहिणींचं एकच नाव?"

"पहिली गेली, की पुढच्या मुलीला तेच नाव. नाव वाया जाऊ देत नसत. तेव्हाची रीतच होती."

मी मृत्यूची नोंद शोधली. थोरली साडेतीन वर्षांची होऊन गेली होती. ईराएवढी. खाली पाद्र्यानं आजाराचं नाव लिहिलं होतं, दुसरं काही नाही. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मला धाकटीपेक्षा हिचीच आठवण जास्त येते. धाकटीला नवरा मिळाला, मुलं झाली, मी झाले. हिचं तर नावसुद्धा राहिलं नाही. तिच्या आईनं त्याच नावानं हाक मारायला सुरुवात केली, आणि धावत आली दुसरीच. हिला मग कोण हाक मारणार?"

मला अक्षर मोठ्यानं वाचल्याशिवाय लागत नाही, शिकवायची सवय. थोरलीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत लांबलचक नावातल्या शेवटच्या तुकड्याखाली रेघ होती. बाईंचं बोट तिथं पोचायच्या आधी मी वाचून गेले. "लेना."

बाईंचा हात हवेतच राहिला.

मी पान बंद करायला गेले. आणि काय सांगू, इतकी माया दाटली त्या पोरीबद्दल! आपण दारातून निघालेल्या लहान मुलाला म्हणतो ना, अगदी तसं, मराठीत, सहज, तोंडातून निघून गेलं, "ये हं, लेना."

"या," आतून आवाज आला.

बारीक, जरा घोगरा. आतल्या खोलीतून.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात केकचा घास होता आणि तो त्यांनी चावायचा थांबवला होता. मी खोलीकडे पाहिलं. बॅगा होत्या, पडदा होता. उंबऱ्याशी ईरा बसली होती. झाकणं सोडून तिनं मान वर केली होती आणि ती खोलीत पाहून हसत होती. कुणाच्याही आवाजाला मान वर करताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"रेडिओ असेल," मी म्हटलं.

"आमच्याकडे रेडिओ नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी उठून त्या खोलीचं दार लावलं. "विभा, तू आता काय म्हणालीस?"

"काही नाही. 'बाय' म्हटलं तिला."

खोटं नव्हतंच ते. आपल्यात 'बाय' असंच म्हणतात.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. त्या आठवड्यात मी स्वतःला हे इतक्या वेळा बजावलं, की तेच जरा संशयास्पद वाटायला लागलं. पातळ भिंत, समोरच्या बांधकामावरची माणसं, पाइपातून येणारे आवाज. आवाजाला कारणं काय कमी आहेत?

दुपारी पडदे ओढले की त्या मधल्या भिंतीलगतची आमची खोली तळघरासारखी होते. ईरा तिथं भिंतीला कान लावून बसू लागली. मी भांडी घासता घासता ऐकायची. ईराच्या झाकणांचा टक आवाज. मग भिंतीपलीकडून टक. मग परत इकडून. केसलरबाई झाकणं मांडत असतील? या वयात? असतील बापड्या. गवत सांभाळणाऱ्याची बायको, काहीही करेल.

मग ईरानं झाकणं मांडणं सोडलं. एका दुपारी बघते तर तिनं माझा कालथा रुमालात गुंडाळला होता आणि मांडीवर घेऊन ती त्याला झोपवत होती. मला कोण कौतुक! खेळ बदलणं ही चांगली खूण, असं थेरपिस्ट म्हणाली होती. पायातला वाळा तेवढा कुठं गेला कळेना. पलंगाखाली, सोफ्याच्या फटीत, सगळीकडे शोधला.

मी टेबलाशी बसून बाईंनी दिलेला अभ्यास करत होते. अक्षरं गिरवायची, मोठ्यानं म्हणायची. गिरवता गिरवता तेच नाव आलं. "लेना," मी म्हटलं.

"या!"

ईरा उभी होती. माझ्याकडे वळलेली, डोळे थेट माझ्या डोळ्यांत. मग ती धावत आली आणि माझ्या मांडीवर डोकं घातलं.

अहो, मी रडले! हमसून हमसून रडले. ज्या आईनं साडेतीन वर्षं पाठमोऱ्या मुलीला हाका मारल्या तिलाच कळेल ते. मी परत म्हटलं, "लेना", परत "या!" स्वयंपाकघरातून म्हटलं, बाथरूमच्या दाराआडून म्हटलं. दर वेळी "या!" मी शशिकांतला प्लांटवर फोन लावला. "तिनं हाकेला उत्तर दिलं रे!" पलीकडे मशिनांचा धडधडाट आणि त्यात माझ्या नवऱ्याचं नाक ओढणं. "काय म्हणाली?" "या म्हणाली. जर्मन ऐकते ना रोज." "म्हणू दे गं! चायनीज म्हणू दे!"

कुठल्या हाकेला, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. "ईरा" म्हणून मी त्या दुपारी एकदा पाहिलं होतं. तिची मान वळली नाही. भिंतीपलीकडे मात्र टक टक चालली होती, ती तेवढी थांबली.

नंतर बरेच दिवस मी 'ईरा' हे नाव तोंडातून काढलंच नाही. शशिकांत घरी असला की "बाळा" म्हणायची, नसला की लेना. पोर बोलायला लागली होती, एकेक शब्द. पाणी मागायची ते जर्मनमध्ये. जेवायची शहाण्यासारखी. रात्री माझ्याकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. माझ्या कानाला तिनं हात लावला नाही. मोठी झाली, सवय सुटली, असं मी म्हणायची. कान मात्र वाट बघायचा.

५

हिरवळ रुजली, स्टेडियम तयार झालं आणि केसलरसाहेबांचं काम संपलं. सामान गेलं. शेवटच्या दिवशी बाई निरोप घ्यायला आल्या. मधल्या काळात मी त्यांच्याकडे जाणं टाळलं होतं, कणीक मळायचीय, पोर झोपलीय, काहीही सांगून. त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्यासाठी त्यांनी स्वतःचं भिंग आणलं होतं, शिंगाच्या मुठीचं. "आता मला उपयोग नाही. तू शिकलीस. तुझ्याइतकं चांगलं वाचणारं कुणी मला मिळालं नाही."

मला भरून आलं. इतकं मोकळं कौतुक आपलं कोण करतं?

मग त्यांना पोर दिसली. ती खुर्चीवर पाय हलवत बसली होती. बाई जवळ गेल्या, अगदी जवळ, त्यांना जवळूनच दिसायचं. गुडघ्यांवर बसल्या. हलक्या आवाजात त्यांनी तिला काहीतरी विचारलं. मला नीट कळलं नाही, त्यांच्या खेड्याची बोली होती ती. पोरीला कळलं. तिनं मान हलवली. "या," म्हणाली, आणि बाईंच्या गालावर हात ठेवला.

बाई उठल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"विभा, तू हिला कोणत्या नावानं हाक मारतेस?"

"ईरा," मी म्हटलं. असं धडधडीत खोटं मी आयुष्यात फार कमी वेळा बोलले आहे.

बाईंनी माझे दोन्ही हात धरले. रागावल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी दयाच म्हणेन, पण ती माझ्या एकटीबद्दलची नव्हती. "मग मारत राहा," म्हणाल्या. "उत्तर आलं नाही तरी मारत राहा. ते आईनंच करायचं असतं."

दारात मी सवयीनं तोंड उघडलं. "या हं..."

त्यांनी चटकन माझ्या ओठांवर हात ठेवला. मग मी पहिल्या दिवशी सांगितलेला तो दुसरा शब्द, जो म्हणायचा नसतो, तो त्यांनी आठवून आठवून, एकेक अक्षर जुळवत म्हटला.

"मी... जाते."

आणि दार स्वतःच्या हातानं ओढून घेतलं. त्या बाईंना मी आजही नावं ठेवत नाही. ठेवली तर माझी जीभ झडेल.

६

पुढचं घर रिकामं झालं. मालकानं नवा भाडेकरू आणला नाही. नगरपालिकेनं भिंती घालून वाटलेल्या व्हिलांवर नोटिसा लावल्या होत्या. भिंत पाडायची, आम्हीही घर सोडायचं. शशिकांतला कंपनीनं वकरामध्ये फ्लॅट दिला. तो खूश होता. मी खोकी भरत होते आणि भिंतीकडे पाहत नव्हते.

एका दुपारी आमच्या व्हिलाचा हारिस, म्हणजे रखवालदार, रहमान दारात आला. घाबराघुबरा. "मॅडम, आप की बच्ची उधर अंदर खेल रही है। दरवाज़ा तो लॉक है, गई कैसे?"

पोर माझ्या कडेवर होती. रहमाननं तिच्याकडे पाहिलं आणि चाव्यांचा जुडगा दुसऱ्या हातात घेतला.

मी म्हटलं, "खोलो।"

आत उन्हात तापलेल्या बंद घराचा वास. भिंतीवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. मी आतल्या खोलीशी गेले. बॅगा नव्हत्या. जमिनीवर धुळीचा पातळ थर होता आणि भिंतीच्या कडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, झाकणं मांडलेली. हिरवं, पांढरं, हिरवं, पांढरं. धुळीत पावलं कुठंच नव्हती.

खिडकीवर तो काळा पडदा तसाच होता. जमिनीपासून वीतभर वर संपणारा. त्याच्याखाली दोन लहान पाय दिसत होते. उघडे. डाव्या पायात चांदीचा वाळा.

मी पडदा ओढला. काच होती आणि काचेवर ऊन. हात भाजला.

"धूप में ऐसा दिखता है, मॅडम," रहमान मागून म्हणाला. मी पण तेच म्हटलं. धूप में.

त्या दिवसापासून मी हाक मारू लागले. भांडी गुंडाळताना, कपाट रिकामं करताना, भिंतीला तोंड लावून. ईरा. ईरू. ईरुटली. अगं सोने. उत्तर नाही. पोर माझ्या मागं उभी राहून ऐकायची. रडायची नाही, हट्ट नाही. एकदा तिनं हळूच माझा पदर ओढला आणि बोटानं स्वतःच्या छातीवर टकटक केलं. मला सांगा, मी काय करायचं होतं? त्या पोरीनंही माझं काय वाईट केलं होतं? तिला मीच बोलावलं होतं, चांगल्या मनानं, चांगल्या शब्दांत.

टेम्पो आला. खोकी गेली. घरात आवाज घुमायला लागला. शशिकांत पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला, चावी बोटावर फिरवत. "यल्ला, विभा! खलास, झालं सगळं." आणि गंमत म्हणून, रिकाम्या घरात आवाज कसा घुमतो ते बघायला, त्यानं तोंडाशी हात धरून हाक दिली, "ईराऽऽ! चल!"

"ओ."

बारीक. घोगरा नव्हे, कोवळा. त्या आवाजात शब्द मी जन्मात ऐकला नव्हता आणि तरी तो आवाज मी कुठंही ओळखला असता. भिंतीपलीकडून आला.

"ऐकलंस? ओ दिली! मराठीत ओ दिली माझ्या बाळानं!" शशिकांतनं खांद्यावरच्या पोरीचे पटापट पापे घेतले, तिला गरागरा फिरवलं. ती खिदळत होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकं सुखात मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मी भिंतीशी गेले. जिप्समवर दोन्ही हात ठेवले. बाईंनी शिकवलं होतं, मधली पायरी गाळायची नाही, घाई करायची नाही. ज्या शब्दांनी एक पोर आली, तेच शब्द माझ्याकडे होते. दुसरे नव्हते. दारातून निघालेल्या लहान मुलाला म्हणतो, अगदी तसं मी म्हटलं,

"ये हं, ईरा."

शशिकांतच्या खांद्यावरची पोर हसायची थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"या?" तिनं विचारलं, अगदी हळू.

मी तिला काही सांगायच्या आत माझ्या कानाची पाळी कुणीतरी चिमटीत धरली, आणि "ओ" आली. या वेळी भिंतीच्या अलीकडून.